समोरच्या गॅलरीतला सदरा

आत्याबाईंना झटका आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती शिकवत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये गणिताचा क्लास चालायचा आणि क्लास सुरू असला की त्या स्वयंपाकघराच्या दाराशी शेंगा फोडत बसायच्या. परात पडल्याचा आवाज आला म्हणून मी उठून आत गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता.

दवाखान्यातून त्या घरी आल्या त्या उजवी बाजू आणि वाचा घालवूनच. बोलण्यात एकच शब्द उरला होता, ‘मंग’. मंग म्हणजे मग. पाथर्डीकडच्या त्यांच्या गावात असंच म्हणतात. पाणी हवं असलं तरी मंग, कूस बदलायची असली तरी मंग. राग आला की तोच शब्द मोठ्यानं.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण होती. घरी सोडताना तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, “ताई, यांना समजतं सगळं. फक्त शब्द सापडत नाहीत. घरात टीव्ही लावून ठेवू नका, तुम्ही बोला. हो किंवा नाही म्हणता येईल असं विचारा आणि थांबा. बोलत राहा.”

मी मान हलवली. वीस-बावीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी ‘मीठ कमी पडलंय’ आणि ‘दूधवाला येऊन गेला’ याच्यापुढे फारशा गेलो नव्हतो. भांडण नव्हतं. त्यांना बोलायची सवय नव्हती आणि मला वेळ नव्हता.

क्लास बंद केला. मुलगी पुण्याला शिकायला. माझे मिस्टर एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टला जातात. घरी आले की आईच्या खाटेपाशी उभे राहून विचारायचे, “जेवली का?” तिला नाही, मला. मी ‘हो’ म्हणायचे आणि ते आत जायचे. त्यांना आईकडे बघवत नव्हतं हे मला कळत होतं. पण बघवत नसलं तरी मला बघावं लागत होतंच.

सकाळी कपडे बदलणं, अंग पुसणं, पाठीला पावडर. मग पातळ खिचडी, चमच्याचमच्यानं, घाई केली तर ठसका. मग पाय वरखाली करण्याचा व्यायाम, मग कूस, मग धुणं. हवेच्या गादीचा पंप दिवसभर घुरघुरायचा. तो आवाज बंद पडला की मी दचकायचे आणि चालू असला की डोकं दुखायचं. आणि या सगळ्यात बोलायचं.

पहिल्यांदा पेपर वाचून दाखवला. त्या झोपून जायच्या. मग मी माझ्या लहानपणचं सांगितलं. तेही आठवड्याभरात आटपलं. इतकं थोडं होतं याचं मलाच वाईट वाटलं. मग भाजीवाल्यानं काय भाव सांगितला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुणाला काय सुनावलं. हे मात्र त्यांना आवडायचं. मी थांबले की डोळे उघडून म्हणायच्या, “मंग?”

एकदा खिचडी भरवताना मी समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंबद्दल बोलायला लागले. त्या एकट्या राहायच्या. सकाळी डबा घेऊन स्कूटीवर जायच्या, संध्याकाळी यायच्या. घरात पुरुष कधी दिसला नाही, पण त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा एक सदरा नेमानं वाळत असायचा. आत्याबाईंना खाटेवरून ती गॅलरी दिसायची नाही. मी सांगितलं तेवढंच त्यांना ठाऊक.

“मंग?”

मला पुढचं काहीच माहीत नव्हतं. पण चमचा त्यांच्या ओठाशी होता, अर्धी वाटी शिल्लक होती आणि गोष्ट चालू असली की त्या विनातक्रार खायच्या. मी म्हणाले, “त्यांचा नवरा आखातात गेलाय म्हणे. सदरा ठेवून गेला.” वाटी संपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी, पुन्हा “मंग?” त्या बाईंना मी माहेर दिलं, एक रुसलेला भाऊ दिला, राहुरीजवळ थोडी जमीन दिली. तोपर्यंत मी आयुष्यात काही लिहिलेलं नव्हतं. शाळेत निबंधाला घाम फुटायचा. गणित त्याच्यामुळेच आवडायचं, तिथं मनाचं काही घालावं लागत नाही.

पुढं एकदा राहुरीच्या जागी माझ्या तोंडून श्रीगोंदा निघून गेलं. आत्याबाईंनी डाव्या हातानं खाटेची कड इतक्या जोरात बडवली की वाटी सांडली. “मंग! मंग! मंग!” त्यांना सगळं लक्षात होतं, माझ्याच लक्षात राहत नव्हतं. रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची. गॅस बंद केला की नाही हेही मला आठवायचं नाही. म्हणून मी मोबाईलवर माझं बोलणं रेकॉर्ड करायला लागले. भांडी घासताना कालचं ऐकायचं आणि पुढचं जुळवायचं. त्यात कुकरच्या शिट्ट्या, ठसके आणि मधूनमधून ‘मंग’.

मोबाईल भरला. फोटो निघेना. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, डिलीट कर ना ते सगळं.” बोट ठेवलं होतं, पण दाबवेना. राहुरी विसरले तर पुन्हा वाटी सांडायची. शेवटी क्लासचे पाठकोरे कागद घेऊन बसले आणि ऐकून ऐकून उतरवून काढलं. लिहिताना काही वाक्यं बदलावीशी वाटली. बदलली. मी लिहायला लागले ती अशी.

गोष्ट पुढं पुढं जात राहिली आणि एका दुपारी अडकली. नवरा आखातातून परत येणार, असं मी फार दिवस सांगत आले होते. त्याला आणायचा तर तो कसा आहे हे मला दिसत नव्हतं आणि मारून टाकायचा तर आत्याबाईंसमोर मरणाचं बोलायची हिंमत नव्हती. बाहेर ऊन रणरणत होतं. पंप घुरघुरत होता. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, “आत्याबाई, बास. मला नाही सुचत आता. मी दमले.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग डाव्या हातानं आपला निर्जीव उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत चोळायला लागल्या. मला वाटलं, हात दुखतोय. तेल घेऊन आले तर त्यांनी तेल ढकललं. पुन्हा तेच, खांद्यापासून मनगटापर्यंत. मग डावा हात हवेत तिरपा खाली आणला, एकदा, दोनदा, काहीतरी तोडावं तसा. मला कळेना. त्या चिडल्या, डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीवर इस्त्रीला द्यायचा मिस्टरांचा सदरा पडला होता. त्याच्याकडे त्यांनी बोट केलं. मी तो दिला. त्यांनी तो आपल्या गाऊनवर, छातीवर पसरला, एका हातानं बाही नीट केली आणि अगदी सावकाश, जीभ कुठं ठेवायची ते शोधत म्हणाल्या,

“मपला.”

मपला म्हणजे माझा. झटक्यानंतरचा तो त्यांचा दुसरा शब्द.

मी खाटेवर बसले. डॉक्टरणीनं सांगितलं होतं तसं हो-नाहीचे प्रश्न विचारायला लागले.

“सदरा तुमचा होता?”

मान हलली. हो.

“तुम्ही घालायच्या? लुगड्यावरून?”

हो.

“कशाला? ऊस तोडायला?”

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. हो.

विहिरीला पाणी लागायच्या आधी काही वर्षं आत्याबाई आणि मामंजी कारखान्याकडं ऊसतोडीला जायचे, हे मला लग्नानंतर कुणाकडून तरी ओझरतं कळलं होतं. घरात त्याचा विषय निघत नसे. उसाच्या पात्यानं हात कापतात म्हणून बाया पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा वरून घालतात, हे मीही रस्त्यानं जाताना पाहिलेलं होतं. पाहून विसरून गेले होते.

“मामंजींचा जुना घालायच्या?”

मान जोरात हलली. नाही.

“विकत घेतला?”

हो.

“मामंजींनी आणला?”

नाही. पुन्हा छातीवर हात. “मपला.”

पुढं बरेच दिवस आमचं हेच चाललं. मी विचारायचे, त्या मान हलवायच्या. माझा प्रश्न चुकला की गप्प राहायच्या आणि मला दुसऱ्या बाजूनं यावं लागायचं. बाजारात त्या एकट्या गेल्या होत्या. स्वतःसाठी स्वतः निवडून घेतलेली ती पहिली वस्तू. नवा सदरा उसात घालायला घेतला म्हणून मामंजी चिडले होते. माझे मिस्टर तेव्हा तान्हे, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत झोळीत असायचे आणि सदऱ्याला बटणं होती म्हणून त्यांना पाजायला अवघड जायचं. म्हणून वरची बटणं तोडून टाकलेली. एवढं समजायला मला महिना लागला असेल. गोष्टीतल्या नवऱ्याला मी आखातातच राहू दिलं. सदरा त्या बाईंचाच केला.

एकदा मी विचारलं, “आत्याबाई, हे मी लिहू का? लोक वाचतील.”

त्या कितीतरी वेळ छताकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “मंग!” त्याचा अर्थ ‘मग काय तर’ असा मी घेतला. तसाच होता असं मला अजून वाटतं.

ती कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या हातात घाण कपड्यांची बादली होती. त्यांना कथा आवडली होती, पण ते म्हणाले, “मपला कुणाला कळणार नाही. ‘माझा’ करू या का?” मी नको म्हणाले. म्हणाले, “मग तळटीप देऊ.” मी म्हटलं, “द्या.” वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत अशाच आणखी काही कथा झाल्या. सगळ्या भरवताना सुचलेल्या, म्हणून सगळ्या आखूड. नगरमधल्याच एका छोट्या प्रकाशकांनी त्यांचं पुस्तक काढलं. पुस्तक मी आत्याबाईंच्या हातात दिलं. त्यांनी कव्हरावरून हात फिरवला. मी वाचून दाखवायला लागले तर त्या झोपून गेल्या. हे सगळं त्यांनी आधीच ऐकलेलं होतं.

तोपर्यंत समोरच्या बाई घर सोडून गेल्या होत्या. तो सदरा खरंच कुणाचा होता, मी कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका वाचनालयात नव्या लेखकांचा कार्यक्रम झाला. खालच्या काकूंना आत्याबाईंपाशी बसवून मी गेले. मिस्टर सोडायला म्हणून आले आणि मागच्या रांगेत बसून राहिले. व्यासपीठावर आम्ही तिघं. भंडारदऱ्याकडचा एक तरुण कवी होता. तो धुक्याबद्दल आणि डोंगरांबद्दल छान बोलला. मग श्रोत्यांतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, “ताई, आपल्या लेखनाची प्रेरणा काय?”

मी म्हणाले, “सासूबाईंनी जेवावं म्हणून मी बोलत होते.”

सभागृह हसलं. त्यांना तो विनय वाटला. सूत्रसंचालकांनी ‘किती साधेपणा’ म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. मला पुढं समजावून सांगायचं होतं, पण दुपारच्या गोळ्या काकूंनी दिल्या असतील का, याच विचारात मी होते. मग मी सदऱ्याच्या कथेतलं एक पान वाचून दाखवलं, कोपीतलं, बटणांचं.

परत येताना मिस्टरांनी प्रोफेसर कॉलनीच्या चौकात स्कूटर बाजूला घेतली. मागं न बघताच विचारलं, “ते बटणांचं तू रचलंस?”

“नाही.”

“तुला कोणी सांगितलं?”

“आत्याबाईंनी.”

“तिला बोलता येतं?”

“येतं थोडं. विचारलं तर.”

त्यांनी स्कूटर पुन्हा सुरू केली. पुस्तक घरात सहा महिने होतं आणि त्यांनी ते उघडलं नव्हतं, हे मला माहीत होतं. राग यायला हवा होता, आला नाही. थंडी वाजत होती आणि मला घरी जायचं होतं.

त्यांच्या पुढच्या सुट्टीला दुपारी ते स्टूल ओढून खाटेपाशी बसले. मी खिचडीची वाटी घेऊन आले तर म्हणाले, “दे इकडं.” पहिला चमचा मोठा भरला, आत्याबाईंना ठसका लागला. “अर्धाच भरा,” मी म्हणाले. मग त्यांनी अर्धा भरला. काय बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी कंपनीतलं सांगायला लागले. कुठलं मशीन बंद पडलंय, त्याचा पार्ट कुठून यायचाय, सुपरवायझर काय म्हणाला. कंटाळवाणं होतं. आत्याबाई त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या आणि खात होत्या.

मी दारात जरा वेळ उभी राहिले. मग आतल्या खोलीत गेले, पंखा लावला आणि आडवी झाले. काही सुचतंय का, ते बघितलं नाही. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, बेअरिंग, ग्रीस, ऑर्डर असलं काहीतरी, आणि ते ऐकता ऐकता मला झोप लागली.