दुभागलेला कीबोर्ड

गडचिरोलीच्या आमच्या माती-परीक्षण कार्यालयातील टंकलेखिका बाई संगणकावरही टाइपरायटरच्याच जोराने अक्षरे आपटत. ओळ संपली की डावा हात टाइपरायटरचा सरकता रूळ, कॅरेज, ढकलायला आपोआप वर उठे. त्यांची सुजलेली मनगटे पाहून मी नागपूरहून मधून दुभागलेला कीबोर्ड आणला. मनगटांचा कोन सरळ झाला, तशी सूज उतरली. तरीही साहेबांची चाहूल लागताच बाई तो खणात दडवून जुना जोडत.

“काऊन लपवता, बाई?”

“हात गेले म्हनून मले टपालावर बसवतीन ना, पोरी!”

एके दुपारी साहेब मसुदा घेऊन आले. बाईंनी कीबोर्ड दडवला नाही.

“हे काय?”

“माह्ये हात दुखतेत, साहेब. याच्यावर दुखत नाई.”

साहेब मसुदा हातात धरूनच कीबोर्डकडे पाहू लागले. मसुद्यासाठी बाईंनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.