चौथ्या पिस्टनची टोपी

माझे सासरे अण्णा मला आयुष्यात एकदाही रागावले नाहीत. माझा राग आला की ते घमेल्याला रागवत. घमेलं जवळ नसेल तर बादलीला, बादली नसेल तर दावणीच्या गाईला, आणि ती बिचारी माझ्याकडे बघत राही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या मळ्यात गेलो तेव्हा हवा खात खात मी सरळ शेवंतीच्या वाफ्यातून चालत निघालो. अण्णा लगबगीने आले, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि बांधावर पडलेल्या फावड्याला म्हणाले, "डोळे हायेत का बटणं रं? फुलावर पाय देत्यात व्हय?" मला वाटलं, किती हळवा माणूस, अवजारांशीसुद्धा बोलतो. घरी आल्यावर हे मी बायकोला, म्हणजे सुमनला, मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती हसून हसून पलंगावरून पडायची तेवढी राहिली.

लेकी बोले सुने लागे ही म्हण सगळ्यांच्या घरात असते. अण्णांनी ती जावयापर्यंत ओढली होती. जावयाला उलट शब्द बोलणं त्यांच्या लेखी पाप होतं. ते मला जावईबापू म्हणत, माझ्याआधी घास घेत नसत, मी खाटेवर बसलो की स्वतः उभे राहत. तिन्ही मुलांना मात्र दिवसभर त्यांचा प्रसाद चालू असे. थोरल्याने एकदा विहिरीवरची मोटार रात्रभर चालू ठेवली, तेव्हा सकाळी सगळा मळा ऐकत होता. "तुझ्यापरीस म्हस पाळली असती तर दूध तरी दिलं असतं," असं म्हणत म्हणतच त्यांनी त्याच्या ताटात स्वतःच्या वाटणीचा ठेचा वाढला होता.

मी ते पाहून जळत असे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर मला हक्काने झाडणारं कोणी राहिलं नाही. कचेरीतले साहेब झाडत, पण ते पगारात धरलेलं होतं. अण्णांनी एकदा तरी मला तोंडावर, सरळ, अरे म्हणून शिवी द्यावी, अशी माझी फार इच्छा होती. सुमनला हा वेडेपणा वाटे. ती म्हणायची, "लोकांना मान मिळत नाही म्हणून रडू येतं, आणि तुम्हाला मिळतो म्हणून."

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत होतो. हे ऐकून लोकांचा गैरसमज होई, म्हणून आधीच सांगतो की मी हजेरी खात्यात होतो. पाना आणि पक्कड यांतला फरक मला दोन्ही समोर ठेवल्यावर कळे. तरी नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत रुबाब करावा म्हणून मी एका निवृत्त साहेबांची जुनी मोटार घेतली. ती चालू केली की मागून निळा धूर निघे आणि शेजारच्या खिडक्या धडाधड बंद होत. कॉलनीत डास कमी झाले याचं श्रेय मी उघडपणे घेत असे. शेवटी मेकॅनिकने निदान केलं की पिस्टन झिजलेत, रिंगा गेल्यात आणि एक कनेक्टिंग रॉड वाकलाय. इंजिन पूर्ण उघडावं लागेल.

ही बातमी मळ्यावर पोचताच अण्णांनी हुकूम सोडला, अर्थात विनंतीच्या भाषेत. "शहरातल्या मिस्तरीच्या हाती देऊ नका जावईबापू. इंजिन म्या उघडतो." त्यांची पात्रता एवढीच की वीज येण्याआधी विहिरीवर त्यांचं डिझेलचं इंजिन होतं आणि ते त्यांनी अनेकदा उघडून पुन्हा बसवलं होतं. त्या इंजिनाला पिस्टन एक, माझ्या गाडीला चार, हे मी भीत भीत सुचवलं. त्यावर ते हसले. "ज्याला एक लेकरू सांभाळता येतं, त्याला चार सांभाळता येत्यात." आत्मविश्वासाच्या बाबतीत अण्णांनी कधी हात आखडता घेतला नाही.

गाडी ट्रॅक्टरला बांधून मळ्यात नेली. चिंचेच्या फांदीला साखळी लावून इंजिन वर काढलं. इंजिनाचा ब्लॉक सिलिंडर मोठे करून घ्यायला, म्हणजे बोअर करायला, सातपूरला गेला, त्या मापाचे नवे पिस्टन आले, आणि मोडीत निघालेल्या एका गाडीचे चार कनेक्टिंग रॉड जुन्या बाजारातून मिळाले. एक वाकला म्हणून चारही बदलायचे, असं अण्णांनी ठरवलं. रॉडच्या खालच्या टोकाला अर्धंच कडं असतं. उरलेलं अर्धं कडं वेगळं असतं, त्याला टोपी म्हणतात, आणि ती दोन बोल्टांनी क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्यावर, आवळायची असते. प्रत्येक रॉडची टोपी त्याची त्याचीच. दुसऱ्याची चालत नाही. या रॉडांवरचे नंबर गंजाने खाल्ले होते, म्हणून दुकानदाराने प्रत्येक टोपी आपापल्या रॉडला सुतळीने बांधून दिली होती.

अण्णांनी गोणपाटावर चारही जोड्या मांडल्या आणि त्यांचं बारसं केलं. पहिला थोरला, दुसरा मधला, तिसरा धाकला, आणि चौथी सुमी. आपली चार लेकरं त्यांनी इंजिनात भरायला घेतली होती. मी काय करू, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुमी बसा, कपडे मळतील." माझ्यासाठी खुर्ची होती, चहा होता, कापलेला पेरू होता. स्वतःच्या गाडीचं इंजिन उघडलेलं असताना मी लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा बसून होतो.

एका दुपारी अण्णा फुलांच्या पाट्या बाजारात पोचवायला गेले. मी ठरवलं की आज आपण उपयोगी पडायचं. घमेल्यात रॉकेल ओतलं, चारही सुतळ्या कापल्या, रॉड आणि टोप्या एकत्र बुडवल्या आणि लख्ख घासल्या. नंतर एका ओळीत रॉड, दुसऱ्या ओळीत टोप्या, अशा सुबक मांडून ठेवल्या. हजेरी खात्याची शिस्त अशी अंगात भिनलेली असते. माझ्या सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. त्या एकदा "अगं बाई" म्हणाल्या, पण जावयाला अडवायचं कसं, म्हणून आत निघून गेल्या.

अण्णा आले. त्यांनी त्या चकचकीत ओळी पाहिल्या, मग कापलेल्या सुतळ्या पाहिल्या. त्यांचं तोंड उघडलं आणि आतून 'अ' एवढं बाहेर आलं. ते 'अरे'मधलं पहिलं अक्षर होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी श्वास रोखून उभा राहिलो. पण अण्णांनी पुढचं अक्षर गिळलं, मान वळवली आणि घमेल्याला धरलं.

"घमेल्या, तुला कुणी सांगितलं व्हतं मधी पडायला? तुझं काम माती वाहायचं. इंजिनात तोंड घालायला तुला अक्कल हाय का?" बराच वेळ हे चाललं. मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "लय स्वच्छ निघालंय जावईबापू. तुमी कशाला तरास घेतला?"

दुसऱ्या दिवशी जोडणी. सासूबाईंनी चारही पिस्टनच्या डोक्याला कुंकू लावलं. अण्णांनी पत्र्याची पट्टी गुंडाळून रिंगा दाबल्या आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत एकेक पिस्टन तेल लावलेल्या सिलिंडरमध्ये उतरवला. कोणती टोपी कोणाची हे आपण नुसतं बघून ओळखू, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यांचा नियम असा की एक टोपी आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा, मगच पुढची. थोरला बसला, क्रँक फिरला. मधला बसला, फिरला. धाकला बसला तेव्हा जरा जड फिरला. अण्णा म्हणाले, "धाकला लहानपणापासून आळशीच हाय." मग सुमीची टोपी आवळली आणि क्रँक जागच्या जागी अडकला. दोघे मेहुणे लोंबकळले तरी हलेना.

अण्णा उकिडवे बसून बराच वेळ त्या चौथ्या रॉडकडे बघत राहिले. मग एक उसासा सोडून, इंजिनाकडेच बघत, सावकाश म्हणाले,

"सुमीलाच चुकीची टोपी बसली म्हनायची."

मग सुमनने पदर तोंडात कोंबला. मेहुणे चिंचेच्या मागे गेले. सासूबाईंना एकाएकी चुलीवरचं दूध आठवलं. मी मात्र इतका बावळट की पुढे होऊन विचारलं, "मग बदलता येईल का?" अण्णांनी तोंडावरची रेषही न हलवता उत्तर दिलं, "आता कसली बदलता. हाय त्यालाच सांभाळून घ्यायचं." आणि मग लक्षात आल्यासारखं करून म्हणाले, "तुमी टोपीचं म्हनता व्हय? ती बदलू की."

बदलली. धाकल्याच्या आणि सुमीच्या टोपीची अदलाबदल झाली होती. दोन अर्धी कडी जुळतात तिथे त्यांनी नख फिरवून पाहिलं, नखाला धार लागली नाही तेव्हा मान हलवली. क्रँक लोण्यासारखा फिरला. सगळं जोडून झाल्यावर एक वॉशर उरला. अण्णांच्या मते तो कारखान्यानेच जास्तीचा दिला होता. गाडी चालू झाली, निळा धूर गेला, आणि सासूबाईंनी दृष्ट काढली. मला वाटलं, आता तरी अण्णा पाठीत धपाटा घालतील. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि इंजिनाच्या कामात हातभार लावल्याबद्दल नारळ, टॉवेल आणि पांढरी टोपी देऊन माझा सत्कार केला. घमेल्याला दिलेल्या शिव्यांपेक्षा तो मान मला जास्त लागला. नाशिक रोडपर्यंत मी ती टोपी घालूनच गाडी चालवली, आणि सुमन खिडकीबाहेर बघत हसत होती.

पुढे दहा-बारा वर्षं गेली. मी चुका करत राहिलो आणि अण्णा भांड्याकुंड्यांना रागवत राहिले. शेवटच्या आजारपणात ते सिन्नर फाट्याजवळच्या दवाखान्यात होते. मी त्यांना दुपारची गोळी द्यायला विसरलो. ते पडल्या पडल्या सलाईनच्या बाटलीला म्हणाले, "ध्यान कुठं असतं तुझं?" मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "अण्णा, मला म्हणा. बाटलीला कशाला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "तुमी आमच्या लेकीचे मालक. तुमाला कसं म्हनू?" तीन दिवसांनी ते गेले. मी खांदा दिला, पण मनात हट्टी मुलासारखा रुसलेला होतो. शेवटपर्यंत मी पाहुणाच राहिलो, याचं मला खरंच वाईट वाटत होतं.

दशक्रियेनंतर रामकुंडावरून परतलो. ओसरीवर सासूबाई एकट्या बसल्या होत्या. मला यायला उशीर झाला होता. गर्दीत मी दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला घालून आलो होतो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि तशा दुःखातही त्यांना हसू फुटलं.

"आज ह्ये असते तर म्हनले असते, आलं का आपलं बावळट," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी मळ्याच्या फाट्यावर दिसली की दरवेळी तेच. चहा टाक, आपलं बावळट आलं. पोरांना शिव्या देऊन झाल्या की शेवटची तुमच्या नावाची असायची. तुमी चौथे."

मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण जावयाशी बोलतोय. त्यांनी जीभ चावली, पदर डोक्यावर ओढला आणि "चुकलं जावईबापू" म्हणाल्या.

डोळे पुसून मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसलो आणि म्हणालो, "आई, अजून काय काय म्हणायचे ते सांगा."

त्या आधी नको नको म्हणाल्या. मग सांगायला लागल्या, आणि दिवेलागण झाली तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.