मागे मागे जीप

पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या त्या महागड्या लॉजवर मी दर हिवाळ्यात जायचो, ते केवळ चालायला. टेकडी, नाला, पक्षी. बाकी कशाशी देणंघेणं नाही. पण त्या वर्षी तिथला ड्रायव्हर मला सुखानं चालू देईल तर शपथ!

"साहेब, पायी कायले? जीप हाये ना!"

रोज हेच. नको म्हटलं की मान डोलवायचा आणि थोड्या वेळानं पहिल्या गिअरमध्ये मागे हजर. पक्षी उडून जायचे, माझ्या नाकातोंडात धूळ.

एकदा चहाही न घेता, त्याचा डोळा चुकवून सकाळीच सटकलो. टेकडीपाशी पोचतो न पोचतो तोच मागे घरघर. मी भडकलोच. "अरे, का हात धुऊन मागे लागलायस माझ्या?"

त्यानं इंजिन बंद केलं.

"मागच्या साली कापूस बुडाला, साहेब. माहा भाऊ असाच चहा न घेता एकलाच वावरात गेलता. आम्हाले वाटलं, येईल फिरून."

मी जीपमध्ये जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी आधी चहा घेतला, मग जीपची किल्ली काढून घेतली आणि त्यालाच सोबत चालायला लावलं. वाटभर त्यानं इतकी बडबड केली की एकही पक्षी दिसला नाही.