धारेवरचं जेवण

अप्पा गेल्याचा निरोप घेऊन आमच्या हळदीच्या वखारीतले दिवाणजी सकाळच्या पहिल्या मोटारीने सांगलीहून तासगावला, माझ्या दारात आले, त्याला आता दीड महिना होईल. पाणी दिलं तर घेईनात, बसा म्हटलं तर बसेनात. तेव्हाच मी काय ते समजले... हळदीच्या पेठेत अप्पांचा शब्द कसा चालायचा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी त्यांची लेक. गेलेल्या माणसाचं नुसतं गोडगोड लिहायला मला जमत नाही. अप्पा हट्टी होते, आणि त्या हट्टापायी त्यांच्या हातून काय निसटलं ते मी जवळून पाहिलं आहे.

माझा थोरला भाऊ श्रीपाल डॉक्टर झाला आणि लढाईच्या दिवसांत सैन्यात दाखल झाला. आमचं घर जैनांचं, पायाखाली मुंगी येईल म्हणून खाली बघून चालणारं. दादा सांगत होता, "मी मारायला न्हाई, मलमपट्टीला चाललोय." अप्पा म्हणाले, "जेवणार त्यांच्यातच न्हवं? मग माझ्या पंगतीला बसू नगंस." झालं! दोन वर्षं बापलेकांची ताटं एका ओळीत पडली नाहीत. पुढे दादाला काश्मिरात पाठवलं, बर्फाच्या डोंगरावरच्या छावणीत. तिथे गोऱ्या सोल्जरांना पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवायचे आणि त्यांचे मोडलेले पाय दादा बसवायचा. त्याला रजा मिळेना. तिथून तो ब्रह्मदेशाकडे जाणार अशी कुणकुण लागली तेव्हा आईची अन्नावरची वासना उडाली. तिचं एकच म्हणणं, ह्या दोघांना एकदा शेजारी बसून जेवताना मला बघू द्या.

माघ सरता सरता आम्ही तिघं निघालो. मी तेव्हा पंधरा वर्षांची. चार दिवस आगगाडी, मग मोटार, मग तट्टू. छावणीत आमचं ध्यान बघण्यासारखं होतं. आई नऊवारीवर दादाचा खाकी कोट घालून, अप्पा धोतरावर दोन घोंगड्या लपेटून. सोल्जर सूंऽऽ करत शेजारून घसरत जायचे आणि आम्ही कडेला नुसते उभे. मला एकदा तरी त्या फळ्या पायांना बांधून बघायच्या होत्या, पण अप्पांपुढे बोलायची छाती कुणाची?

दिवस मावळला की अप्पांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नसे. दुपारी दादा कामावर असायचा, म्हणजे उरलं संध्याकाळचं जेवण. आणि ती छावणी डोंगराच्या पोटात. चार वाजले की सूर्य समोरच्या डोंगरमाथ्याच्या धारेआड जायचा. दादा सुटायचा साडेचारला. धापा टाकत यायचा, आईची भाकरी तव्यावर असायची आणि अप्पा न जेवताच हात धुऊन बाजूला बसलेले. "मावळला," म्हणायचे.

"अप्पा, मावळला न्हाई, डोंगराआड गेलाय. वर धारेवर अजून दीड तास ऊन असतंय. चला, तिथं बसून जेवू."

"मला दिसंना म्हंजे माझ्यापुरता मावळला."

असे चार दिवस गेले. अप्पा उपाशी झोपायचे, पण चढायचे नाहीत. दादाही मग जेवायचा नाही. मला तर वाटतं, तो डोंगर अप्पांच्या पथ्यावरच पडला होता.

पाचव्या दिवशी दादा येताच आईने डबा बांधला. "आवं, आपल्या सांगलीत आत्ता गुरं बी रानातनं परतली नसतील. उद्या आपण निघायचं. मी लेकरांस्नी घेऊन वर चालले. तुमी बसा हितंच." इतकं बोलून ती खरंच चालू लागली. मग अप्पा उठले. चामड्याचे बूट ते घालणार नव्हते आणि कापडी बूट ओले झालेले. वळकटी ज्यात बांधून आणली होती ते हळदीचं पोतं त्यांनी टरकन फाडलं, दोन्ही पायांना गुंडाळलं आणि वखारीतल्यासारखी सुतळी आवळली. चढताना प्रत्येक पावलाला बर्फावर पिवळा डाग उमटत होता. घसरणारे सोल्जर थांबून बघत होते. दादाने अप्पांना काखेत धरलं, तो हात त्यांनी झिडकारला नाही.

वर पोचलो तेव्हा सूर्य हातभर वर होता. एका कोरड्या खडकावर आईने डबा सोडला. अप्पांनी भाकरी मोडली आणि अर्धी दादाच्या हातावर ठेवली. मग विचारलं, "त्यांच्यात काय खातोस?"

"डाळ-भात. दोन वर्षं त्येच. मांस माझ्या ताटाजवळ आणू नका म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलंय."

अप्पांचा घास हातातच राहिला. "मग मला का बोलला न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

अप्पांनी डब्यातली उरलेली शेंगदाण्याची चटणी सगळी त्याच्या भाकरीवर घातली. आई डोळे पुसत होती आणि वाऱ्याला नावं ठेवत होती. ऊन जाईस्तोवर आम्ही जेवत होतो.

दादा ब्रह्मदेशातून परत आला नाही. दिवाळीच्या तोंडावर तार आली. अप्पा आमच्यासमोर रडले नाहीत, पण त्या वर्षापासून त्यांनी संध्याकाळचं जेवण माजघरातून गच्चीवर नेलं. आई दुखऱ्या गुडघ्यांनी ताट वर न्यायची, कुरकुरायची, आणि तरी न्यायची. आता ताट न्यायचं नसतं, पण परवा मी माहेरी गेले तर ती त्या वेळेला गच्चीवरच बसलेली दिसली. मीही जाऊन शेजारी बसले. इतकी आठवण आली दोघांची...

कार्तिकात माहेरी गेले होते, तीच अप्पांची शेवटची भेट. गच्चीवर ते भराभर जेवत होते. मी म्हटलं, "अप्पा, सावकाश जेवा, अजून लय ऊन हाय."

ते पश्चिमेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाच दिवस हुतो गं आपण तिथं... मी एकच दिवस चढलो."

आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. ऊन अजून बरंच होतं.