जुट्यावरची बाळंतीण

पृथ्वीच्या पाठीवर पर्यावरणाची जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी एकट्या आमच्या डंपरवाल्या चाचांनी उचलली आहे, आणि उरलेली निम्मी त्यांच्यामुळे आम्हा शेजाऱ्यांच्या मागे लागली आहे. महाडच्या बाजारात माझ्या वह्या-पेनांच्या दुकानासमोर त्यांचं घर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आखातात काढली, पाण्याचा टँकर चालवत, रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालत. तिथं एकेका पानावरची धूळ फडक्यानं पुसणारी माणसं त्यांनी पाहिली म्हणे. असा माणूस परत आला तो कुठं, तर जिथं आभाळ चार महिने फाटलेलंच असतं आणि सावित्री नदी न बोलावता थेट स्वयंपाकघरात येऊन बसते, त्या महाडात! तेव्हा चाचांचा जो गोंधळ उडाला तो अजून खाली बसलेला नाही. एका पुरात मी वह्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन माळ्याकडे धावत होतो, आणि चाचा छातीभर पाण्यातून उलट्या दिशेनं मोरीकडे निघाले होते. "चाचा, तिकडं कुठं?" मी ओरडलो. "अरे, नळ टपकतोय! पाणी वाया जातंय ना रे!"

प्लास्टिकच्या पिशवीशी त्यांचं भाऊबंदकीचं वैर. मासळीला जाताना स्टीलचा डबा हवाच. एकदा डबा विसरले आणि पिशवी घेण्यापेक्षा बांगडे हेल्मेटमध्ये घेऊन स्कूटरवर निघाले. नाक्यावर पोलिसानं अडवलं. "हेल्मेट कुठाय?" "हाय ना साहेब, हे काय." "मग डोक्यावर घाला!" चाचा कायदा मोडणाऱ्यातले नव्हेत. ते बांगड्यांसकट हेल्मेट घालून घरी आले, आणि गावातली मांजरं आजतागायत त्यांच्या मागून मिरवणुकीनं चालतात. लग्नाला जातील तर आहेर म्हणून जांभळाचं रोप देतील, आणि मग त्या घरी रोपाच्या माहेरचे असल्यासारखे तपासणीला जातील. एका घरी म्हातारे गेले म्हणून भेटायला गेले होते. दोन शब्द बोलून अंगणात आले, रोप वाळलेलं पाहिलं आणि असे ढसाढसा रडले की घरच्या मंडळींनीच त्यांना पाणी देऊन सावरलं.

आणि या माणसाचा धंदा कसला, तर डंपरचा! त्या डंपरचा धूर एवढा काळा की तो गेला की कावळे संध्याकाळ झाली समजून घरट्याकडे वळतात. मी एकदा हटकलं, तर कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणून तर झाडं लावतो ना रे! पण झाडं न्यायला डंपर लागतो. डंपर आला की धूर आला. धूर आला की आणखी झाडं आली. याच्यातनं बाहेर कसं पडायचं, तूच सांग!" मी त्यांना एक पेन फुकट दिलं.

पण खरा गोंधळ झाला तो जुट्यापायी. नदीच्या पात्रात गाळ-वाळू साचून जे बेट तयार होतं, त्याला आम्ही जुटा म्हणतो. जुट्यामुळे पाणी अडतं आणि बाजारात शिरतं, म्हणून उन्हाळ्यात जुटा खणायचं काम निघालं. पोकलेन आलं, गाळ वाहायला चाचांचा डंपर लागला. सगळ्यांत खूश चाचांचे थोरले भाऊ, अख्ख्या बाजाराचे भाई. त्यांचं भुसाराचं दुकान अगदी नदीच्या बाजूला, दर पुरात तांदळाची पोती भिजून जायची. तिसऱ्याच सकाळी डंपर थांबला. जुट्याच्या खालच्या टोकाला चाचांनी एक मगर वाळू उकरून अंडी घालताना पाहिली होती.

आमच्याकडे मगरींचं, म्हणजे आमच्या बोलीत सुसरींचं, नवल नाही. त्या काठावर पेन्शनरांसारख्या ऊन खात पडलेल्या असतात. पण चहाच्या टपरीवर त्या दिवशी अख्खा बाजार जमला.

"डंपर का थांबवलास?" भाई कडाडले.

"बाळंतीण हाय ती, भाई."

"सुसर मोठी की सख्खा भाऊ मोठा?"

चाचांनी खरोखरच विचार केला. "लांबीला सुसर मोठी हाय," ते म्हणाले, आणि टपरीवर जे हसणं उसळलं त्यानं भाई आणखीच पेटले.

"माझा तांदूळ कुजतो दरसाल! गाळ गेला पायजे, कळलं?"

"गेलाच पायजे, भाई. पण गाळ तिनं आणलाय काय? पोलादपूरच्या वर डोंगर बोडके केले, माती धरून ठेवायला मूळच नाय राहिलं. ती माती पावसात उतरते आणि आपल्या दारात येऊन बसते. ही तर नदीतली मेलेली ढोरं खाऊन पाणी साफ ठेवते. हिचंच घर मोडायचं? पण भाई, तुझं दुकान बुडतं हेही खोटं नाय." असं करत चाचा स्वतःशीच इतके भांडले, की कोण कुणाच्या बाजूचं हे चहावाल्यालाही कळेना.

शेवटी वनखात्याचे साहेब येऊन पाहून गेले. पिल्लं बाहेर पडेपर्यंत खालच्या टोकाला हात लावायचा नाही, बाकीचा जुटा खणा, असं ठरलं. डंपर पुन्हा सुरू झाला. चाचांनी मात्र गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसवला आणि स्वतः काठावर काठी घेऊन बसले, कुत्री आणि घोरपडी हाकायला. चाची रोज डबा आणून देत आणि रोज ऐकवत, "माझ्या बाळंतपणाला दवाखान्यात इतकं नाय बसलात!"

उन्हाळा सरता सरता वाळूखालून बारीक चिरकणं ऐकू आलं. मी तिथंच होतो. मगर पाण्यातून वर आली, तिनं वाळू उकरली आणि वळवळणारी पिल्लं जबड्यात उचलली.

"खाल्लान! स्वतःची पोरं खाल्लान!" चाचा किंचाळले.

मगर संथपणे पाण्यात गेली, जबडा उघडला, आणि पिल्लं एकेक करून बाहेर पोहत निघाली. चाचा तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

राहिलेलं टोक मग खणायचं होतं, पण पावसानं घाई केली आणि पोकलेन परत गेलं. पुढं आषाढात पाणी भाईंच्या दुकानात शिरलं. दरसालपेक्षा कमी की जास्त, यावर बाजारात दोन तट पडले. भाईंनी मात्र चाचांशी बोलणं टाकलं.

पाणी उतरल्यावर आम्ही सगळे फावडी घेऊन चिखल काढत होतो. चाचाही भाईंच्या दुकानात न विचारता उपसत होते. एकदम भाईंनी रिकाम्या पिंपात वाकून पाहिलं, आणि मागं न वळताच ते चाचांना म्हणाले, "तुझ्याकडली पाहुणी आलीय. घेऊन जा."

पिंपात दीड वीत लांबीचं मगरीचं पिल्लू होतं. चाचांनी ते पिंप उराशी धरलं. दाराशी गेले तेव्हा मागून भाईंचा आवाज आला, "सांभाळून रे, चावेल."

आम्ही नदीवर गेलो. पिल्लू गढूळ पाण्यात शिरलं आणि क्षणात नाहीसं झालं. चाचा काठावरच बसले.

"तेवढं टोक खणलं असतं, तर भाईचं दुकान वाचलं असतं काय रे?"

"ठाऊक नाही, चाचा."

"मलापण नाय."

त्यांनी पाण्यात हात घातला, बोटांत चिखल चोळून पाहिला. "माती वरनं अजून येतेच हाय," ते हळूच म्हणाले. हात धुतला नाही. तसाच मांडीवर ठेवून ते पोलादपूरच्या डोंगरांच्या दिशेनं बघत राहिले. डोंगर ढगांत होते, काहीच दिसत नव्हतं.