बाळंतिणींच्या वॉर्डातला ब्रदर

मोठ्या बहिणीने आयटीआयला फिटर ट्रेड घेतला आणि दोन वर्षांनी मी नर्सिंगला गेलो, तेव्हा शिलाई मशीन चालवता चालवता बाबांनी आईला विचारलं, "या दोघाईचे फॉर्म अदलाबदल झाले का वो?" आई म्हणाली, "होऊ द्या. दोघंही खूश हायेत ना."

बहिणीला नेरजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरी मिळाली. मला मात्र गावातल्याच एका छोट्या खाजगी दवाखान्यात जागा मिळाली, तीही बाळंतिणींच्या वॉर्डात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "जागा तेवढीच आहे. जमेल?" मी हो म्हणालो. आठ सिस्टर आणि मी एकटा ब्रदर.

पहिले काही आठवडे मी आत शिरलो की बायका पदर सावरून भिंतीकडे तोंड करत. सिस्टरही मला ऑक्सिजनचे सिलिंडर सरकवायला आणि पलंग हलवायलाच बोलवत. संध्याकाळी बहिणीला हे सांगितलं तर ती हसायला लागली. "तुले सिलिंडर उचलाले लावते, अन् मले मशीन सोडून रजिस्टर लिहाले. माह्यं अक्षर चांगलं हाये म्हणे."

एका दुपारी हेड सिस्टर आणि मॅडम सिझेरियनमध्ये अडकल्या होत्या. वॉर्डात माझ्यासोबत एक नवीन सिस्टर होती. तीन नंबरच्या पलंगावर पहाटेच बाळंत झालेली एक मुलगी रडत होती. बाळ छातीला लागत नव्हतं. नवीन सिस्टरने दोनदा प्रयत्न केला, पण तिलाच घाम फुटला. मुलीची सासू पावडरचं दूध आणायला निघाली.

मी म्हणालो, "माय, जरा थांबा. मी सांगतो कसं धरायचं ते."

सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? तू तं बाप्या माणूस. तुले काय समजते त्यातलं?"

"मी हात लावत नाही. पडद्याच्या बाहेरून सांगतो. सिस्टर आत राहील."

तेवढ्यात सून आतून म्हणाली, "सांगू द्या ना, आत्याबाई."

नुसतं बोलून भागेना. पडद्याबाहेरून काही सांगितलं की आत भलतंच व्हायचं. शेवटी मी एक टॉवेल गुंडाळून त्याचं बाळ केलं, सासूसमोर स्टुलावर बसलो आणि ते छातीशी धरलं. "हे पाहा माय, बाळाचं पोट आईच्या पोटाला. नाक बोंडासमोर. ते तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं. मग बाळाला जवळ घ्यायचं, आपण वाकायचं नाही."

सासू माझ्याकडे पाहून जसंच्या तसं पडद्याआड सांगत होती. बाकीच्या पलंगांवरच्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग उघड हसल्या. एकीने तर टाक्यांवर हात धरून विनवलं, "भाऊ, हसवू नोको, टाके दुखून राह्यले." मलाही हसू आवरेना, पण टॉवेल मी सोडला नाही.

मग आत एकदम शांतता झाली. नवीन सिस्टर हळूच म्हणाली, "लागलं."

सासू आत जाऊन पाहून आली. डोळे पुसत माझ्यासमोर उभी राहिली. "बाबू, तुले हे कोनं शिकवलं?"

"आमच्या हेड सिस्टरनं."

"बराबर शिकवलं," ती म्हणाली, आणि पदराच्या गाठीतला खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

त्या दिवसापासून माझं सिलिंडर सरकवणं सुटलं नाही, पण मला इतर कामंही मिळू लागली. नवीन आयांना बाळ धरायला शिकवणं हे तर माझंच काम झालं. पुढच्या वर्षी मॅडमनी आणखी दोन ब्रदर घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत आमचे डबे सिस्टरांच्या डब्यांत मिसळले.

पण त्याआधीच, त्या दुपारनंतर दीड महिन्यांनी, ती सासू नातीला लस द्यायला घेऊन आली. सोबत शेजारची गरोदर सून होती. तिला वॉर्ड दाखवायचा होता. त्या दिवशी माझी सुट्टी होती. काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्या दिवशी हसत हसत मला सांगितलं, "त्या आजीनं नातीला लस देऊन घेतली, पण वॉर्ड पाह्यला नाही. म्हणाल्या, ब्रदर नाही तं उद्या येऊ."

आणि त्या आल्या. दोघीही.