निळ्या इंजिनाची गाडी

घनश्याम मानकरांनी मनगटी घड्याळं दुरुस्तीला घ्यायचं बंद केलं, हे यवतमाळात कोणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. गिऱ्हाईक आलं की ते घड्याळ कानाशी धरत, हलकेच हलवत आणि परत त्याच्या हातात ठेवत. "भाग येऊन नाही राह्यले भाऊ नागपूरवरून. आले का सांगीन." गिऱ्हाईक निघून जाई. ग्रामोफोन, भिंतीवरची लंबकाची घड्याळं, शिवणयंत्रं असलं मोठं काम ते पूर्वीसारखंच करत. त्यामुळे आठवडी बाजाराच्या रस्त्यावरचं त्यांचं अरुंद दुकान उघडं असे आणि कोणाला काही शंका येत नसे.

खरी गोष्ट अशी होती, की भाग नागपूरला भरपूर होते. मानकरांनाच ते दिसत नव्हते. डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटात पाहिलं, की पूर्वी जिथं इवलीइवली चाकं लखलखायची तिथं आता ताकासारखं काही तरी पसरलेलं असायचं. त्यांचे वडील असेच उतारवयात आंधळे झाले होते. दारातल्या खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "कोण आहे गा?" असं विचारण्यातच म्हाताऱ्याची शेवटची वर्षं गेली. ती खाट मानकरांच्या मनातून हलत नव्हती. म्हणून त्यांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. बायकोला, लीलाबाईंनाही नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष व्हायचं होतं. त्या हिवाळ्यात यवतमाळला जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. शेतीची अवजारं, बियाणं, हातमाग, आरोग्य, असे वेगवेगळे मंडप. वाहतुकीचा मंडप सदाशिवरावांकडे होता. हे एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे मॅनेजर. गोरे, गोलमटोल आणि सदा घाईत. एक दिवस ते दुकानात शिरले आणि बसायच्या आतच म्हणाले, "घनश्यामभाऊ, आपली छोटी गाडी पाह्यजे. मुर्तिजापूरले जाते ती रेल्वे. नमुना, पण चालती!"

"चालती म्हणजे?"

"म्हणजे धावली पाह्यजे. रूळ, ठेसन, पूल, सगळं. नुसता देखावा मांडला तर लोक पाहतील आणि पुढच्या मंडपात जातील. तुमच्याशिवाय हे कोणाकडून होणार?"

मानकर क्षणाचाही विचार न करता "होईल" म्हणाले. इतक्या झटकन ते म्हणाले, की स्वतःच चकित झाले. पण त्यांच्या मनात हिशेब पक्का बसला होता. इंजिन हातभर लांब करायचं. चाकं बशीएवढी. जे बोटांना लागतं ते करायला डोळ्यांची एवढी गरज कुठं असते? आणि सगळ्या गावासमोर गाडी धावली, म्हणजे मानकरांच्या नजरेबद्दल पुढं कोणी बोट दाखवायचं कारण नाही.

चार टेबलं जोडून, त्यांवर माती पसरून घराच्या मागच्या अंगणात काम सुरू झालं. रुळांसाठी सदाशिवरावांनी प्रेसमधल्या लोखंडी पट्ट्या पाठवल्या. कापसाच्या गाठी आवळायच्या त्या पट्ट्या. मानकर त्या सरळ ठोकत आणि लाकडी पट्ट्यांना करवतीनं खाचा पाडून त्यांत उभ्या बसवत. रूळ हुबेहूब दिसू लागले. इंजिनाच्या पोटात ग्रामोफोनची मोटर घालायची, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. किल्ली दिली की गाडी एकसारख्या वेगानं चालावी, ना धावत सुटावी ना मधेच रेंगाळावी. मोटर दिली फुलसिंग राठोडानं. लासिन्याकडच्या बंजारा तांड्यावरचा हा शेतकरी मानकरांचा जुना दोस्त. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता; फुलसिंगाची बैलजोडी आता कापूस घेऊन यवतमाळच्या बाजारात येई, तेवढाच त्याचा प्रवास. त्याचा ग्रामोफोन वर्षभर दुकानात पडून होता.

"काढून घ्या मोटर, मानकरभाऊ," तो म्हणाला. "भोंगा तर कधीचा बसला त्याचा. गाता नाही येत त्याले, निदान धावू द्या."

पुढच्या खेपेला त्यानं वाळलेल्या पऱ्हाटीच्या बारीक काड्या आणल्या. लीलाबाईंनी त्या मातीत रोवून प्रत्येकीला कापसाची बोंडं चिकटवली. रुळाच्या दोन्ही बाजूंनी शेत फुललं. फुलसिंग ते पाहत कितीतरी वेळ उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "वयनी, इथं आमचा तांडा पण टाका ना. गाडी आमच्या बाजूनंच जाते." लीलाबाईंनी चिखलाच्या झोपड्या केल्या आणि एका बाईला लाल चिंधीचा घागरा नेसवला.

मानकर सुखात होते. दुपारच्या लख्ख उन्हात बसावं, पत्रा कापावा, कानस मारावी, बोट फिरवून पाहावं. बोटांना सगळं कळत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना मनावरचं ओझं जरा सैल झाल्यासारखं वाटलं.

शेवटी रंग राहिला. रंगाचे डबे बाजारातून आले. गाडीचे डबे लाल, ठेसनाची पाण्याची टाकी पांढरी, पाटी निळी, इंजिन काळं. मानकरांनी इंजिन मांडीवर घेतलं आणि ऊन उतरायच्या आत त्याला दोन हात देऊन टाकले. चिमणीपासून मागच्या पायरीपर्यंत एक बोटभर जागा सोडली नाही. लीलाबाई सुपात धान्य निवडत ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी एकदा इंजिनाकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवराव पाहणीला आले. टेबलांभोवती एक फेरी मारली, पूल पाहिला, तांडा पाहिला, वाहवा वाहवा केलं. मग इंजिनापाशी थांबले.

"घनश्यामभाऊ, इंजिन निळं काहून केलं?"

मानकरांच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. निळं? त्यांनी इंजिनाकडं पाहिलं. त्यांना ते काळंच दिसत होतं, काजळासारखं काळं.

"मीच म्हनलं त्याईले," लीलाबाई ओसरीवरून म्हणाल्या. निवडण्यावरून नजर न उचलता. "काळं इंजिन तर लोक रोजच पाहतात ठेसनावर. लेकराईले निळं आवडंल."

सदाशिवरावांनी मान हलवली. "हे बाकी खरं," असं म्हणून ते चहा घेऊन गेले.

अंगणात दोघंच उरली. मानकरांनी फडकं खाली ठेवलं. मग मानकर म्हणाले, "तुले कधीपासून माहीत आहे?"

"पोळ्यापासून."

"पोळ्यापासून! आन् बोलली नाही?"

"तुमी कुठं बोलले?" लीलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "माही सुई तुमीच ओवून देत होते. पोळ्याच्या वक्ताले दिली तर म्हनलं, तूच ओव, मले काम आहे. पुढ्यात तं काहीच काम नव्हतं. तवाच समजलं मले."

मानकर खाली बसले. "बापासारखं होऊन राह्यलं माहं," ते म्हणाले. "मीही आता खाटेवर..."

"कायची खाट! मामंजीच्या वक्ताले कोण होतं पाहायले? आता दवाखान्यात मोतीबिंदू काढून राह्यले. शेजारच्या विमलताईच्या भावाचा काढला. तो सायकल चालवते. तुमी एकडाव दाखवा तर खरं."

मानकरांनी इंजिनावरून बोट फिरवलं. आत कुठं तरी काही तरी सुटत होतं. इतके महिने जे दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, ते या बाईला ठाऊकच होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. ती स्वयंपाक करत होती, बोंडं चिकटवत होती, त्यांच्यासाठी खोटं बोलत होती. त्यांना एकदम हसू आलं.

"खरंच निळं झालं काय व?"

"पार मोरासारखं," लीलाबाई म्हणाल्या, आणि त्याही हसायला लागल्या.

इंजिन तसंच राहू द्यायचं ठरलं. प्रदर्शन झाल्यावर दवाखान्याचं पाहायचं, असं मानकरांनी कबूल केलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी फुलसिंगानं बैलगाडीत भरपूर कडबा अंथरला, त्यावर गाद्या टाकल्या आणि चार टेबलं मैदानावर आणली. बैलांना तो इतकं सावकाश चालवत होता, की वाटेत मागून येणारे टांगेवाले वैतागले. मंडपात टेबलं जोडली, बोल्ट आवळले, लीलाबाईंनी झाडं-झोपड्या जागेवर लावल्या. मानकरांनी किल्ली दिली. गाडी ऐटीत निघाली, ठेसन ओलांडलं, पूल ओलांडला आणि शेताकडच्या वळणावर कलंडली. इंजिन पऱ्हाटीत जाऊन पडलं, चाकं घरघरत राहिली.

पुन्हा लावली. पुन्हा पडली. तिथंच.

घरी अंगणात ती दिवस दिवस धावली होती. मानकर वाकून वळणाजवळ पाहू लागले, पण मंडपाच्या कनातींत दिवसाही अंधारच होता. त्यांना रूळ म्हणजे एक करडी रेघ दिसत होती, तीही मधेच विरघळणारी. सभोवती माणसं जमू लागली. शेजारच्या मंडपातून भोंग्यावर कोणी "हॅलो, हॅलो" करत होतं. सदाशिवराव धावत आले. कपाळ पुसत म्हणाले, "पाहुणे आत्ता येतील घनश्यामभाऊ! काय झालं? दिसून नाही राह्यलं काय तुम्हाला?"

त्यांनी ते सहज, घाईत म्हटलं होतं. पण मानकर सरळ उभे राहिले. क्षणभर त्यांनी लीलाबाईंच्या दिशेनं तोंड वळवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही दिसत. मोतीबिंदू आहे मले, दोन्ही डोळ्यांत. तुमी सगळे जरा शांत राहा आन् तो भोंगा बंद करा. मी हातानं पाहतो."

सदाशिवरावांनी कनातीबाहेर डोकं काढलं आणि ते भोंगेवाल्यावर असे ओरडले, की तो गडी मैदानाच्या पार टोकाला गेला असेल.

मानकरांनी डोळे मिटले. दोन्ही हातांची बोटं दोन रुळांवर ठेवली आणि पुलापासून वळणाकडं सरकवत नेली. पट्टी थंड, गुळगुळीत, सरळ. सांधा ठीक. पुढचा सांधा ठीक. वळणावर दोन टेबलं जिथं जुळत होती, तिथं उजव्या हाताचं बोट अडलं. नखाच्या जाडीएवढी पायरी होती ती. एक टेबल खाली गेलं होतं.

"फुलसिंग, टेबलाच्या या पायाखाली पाह्य रे."

फुलसिंग टेबलाखाली शिरला. धूळ बसावी म्हणून पहाटे मैदानावर पाणी मारलं होतं, आणि तो एक पाय ओल्या मातीत रुतला होता. फुलसिंगानं बाहेरून एक चपटा दगड आणला, खांद्यानं टेबल उचललं आणि दगड खाली सारला. मानकरांनी पुन्हा बोट फिरवलं. "अजून जरासं. बस. बस!"

किल्ली दिली. इंजिन निघालं. पुलावर त्याचा आवाज पोकळ झाला, मग पुन्हा भरीव. मानकर डोळे मिटूनच ऐकत होते. वळण आलं. चाकांनी सांधा ओलांडला, टक् एवढाच आवाज झाला आणि गाडी शेतातून, तांड्यावरून, लाल घागऱ्याच्या बाईसमोरून पुढं निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुलसिंग अजून टेबलाखालीच होता; त्यानं तिथूनच आपल्या बोलीत एक आरोळी ठोकली.

मानकरांच्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि तरी इतकं हलकं त्यांना कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. सदाशिवरावांनी त्यांचा दंड धरला. "मले सांगतलं असतं तर मी तुमच्यावर हे काम घातलंच नसतं," ते ओशाळून म्हणाले.

"म्हणूनच नाही सांगतलं," मानकर म्हणाले.

प्रदर्शन संपेपर्यंत गाडी धावत राहिली. नेरपासून मारेगावपर्यंतची माणसं येऊन पाहून गेली. मंडपाची पाटी कोणी वाचली नसेल, पण 'निळी गाडी कुठं आहे?' असं विचारत लोक बरोबर पोहोचत. मानकर खुर्चीवर बसून किल्ली देत आणि कोणी विचारलं तर आपल्या डोळ्यांची हकिगत न लाजता सांगत. त्यांतल्या दोघातिघांनी आपल्याही डोळ्यांचं गाऱ्हाणं त्यांच्यापाशी मांडलं. मानकर त्यांना दवाखान्याचा रस्ता सांगू लागले, जणू ते स्वतः तिथं जाऊन आले होते.

मग खरोखरच जायची वेळ आली. शस्त्रक्रिया झाली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजून राहायचं, हलायचं नाही, हसायचं नाही, खोकायचं नाही. लीलाबाई उशाशी बसून मऊ खिचडी भरवत. पुढं पट्टी निघाली, तेव्हा त्यांना समोर उजेडाशिवाय धड काही दिसलं नाही आणि ते घाबरले. पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा आला. फुलसिंग त्यांना घरी न्यायला बैलगाडी घेऊन आला.

त्या चष्म्यातून सगळं जग वाढून जवळ आलेलं होतं. बैल हत्तीएवढे दिसत. मानकरांनी धवळ्या बैलाच्या पाठीवर थाप मारायला हात पुढं केला, तर बैल हातभर लांबच होता. ते धडपडले. फुलसिंगानं त्यांना सावरून गाडीत चढवलं. घरी उतरल्यावर ओसरीची पायरी त्यांना गुडघ्याएवढी उंच वाटली. त्यांनी चिखलातल्या बगळ्यासारखा पाय वर उचलला आणि हवेतच आपटला. लीलाबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून त्या तिथंच पायरीवर बसल्या.

"हास हास," मानकर म्हणाले. एक पाय अजून वर होता. "मले सगळं दिसून राह्यलं."

आणि भिंतीला धरून ते दुसऱ्यांदा पायरी शोधू लागले.